रिमॅप केलेली टी-जेट फुल अ‍ॅक्सिलरेटरवर मध्येच अडखळते, आणि ते पण फक्त दुपारी

होटगीरोडकर :
नमस्कार मंडळी. गाडी लिनिया टी-जेट, १३६८ सीसी टर्बो पेट्रोल, मॅन्युअल. सेकंड हँड घेतलीय आणि आधीच्या मालकानं रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची फाइल बदलून ताकद वाढवणं) करून घेतलेली आहे, कंपनीचे ११४ पीएस होते, आता किती आहेत देव जाणे, कारण डायनोचा (ताकद मोजायच्या मशीनचा) कागद काय मिळाला नाही, ट्यूनरनं फोनवर एवढंच सांगितलं की बूस्ट (टर्बोनं इंजिनात भरलेल्या हवेचं जादा प्रेशर) १.१ बारला ठेवलाय. पिलरवर बूस्ट गेज पण आधीपासूनच बसवलेला आहे.
प्रॉब्लेम असा की थर्ड किंवा फोर्थला २००० आरपीएमवरून पाय पूर्ण दाबला की मस्त ओढते, पाठ सीटला चिकटते, आणि २८००-३००० च्या आसपास आल्यावर एकदम कुणीतरी माझा पाय उचलल्यासारखं होतं, अर्धा सेकंद गाडी गप्प, मग परत ओढायला लागते. कधी एकदा होतं कधी दोनदा. चेक इंजिन लाइट नाही. अर्धा पाय दाबून चालवली तर काहीच नाही, कुणी बाजूला बसलं तर म्हणेल काय भारी गाडी आहे.
आणि सकाळी सहा-सातला होतच नाही. दुपारी सोलापूरच्या विजापूर रोडला सोरेगावच्या पुढं गेलं की हमखास. परवा चौघं जण तुळजापूरला निघालो होतो तर घाटात ओव्हरटेक करताना झालं, ट्रकच्या बरोबर शेजारी असताना. तेव्हापासून पूर्ण पाय दाबायची हिंमत नाही.
एअर फिल्टर नवीन, प्लग नवीन, पेट्रोल पंप बदलून पण बघितला (म्हणजे दुसऱ्या पंपावर भरलं, गाडीतला नाही). गॅरेजवाला म्हणतोय इंजेक्टर काढून साफ करू, दुसरा म्हणतोय कॉइल चारही बदला, तिसरा म्हणतोय टर्बो गेला. कुणाचं ऐकू?

बाळेवाला :
टर्बो गेला म्हणणाऱ्याच्या गॅरेजात परत जाऊ नका एवढंच सांगतो. टर्बो गेला असता तर सकाळी पण गेलेला असता.

स्पॅनरकाका :
मालक, आधी पार्ट बदलायचं बंद करा. "अडखळते" म्हणजे नक्की काय होतंय ते सांगा, त्यावर निम्मं निदान आहे.
धाडधाड झटके बसतात, मागून कुणी लाथा मारल्यासारखं? मग मिसफायर. प्लग, कॉइल, गॅप.
ओढायचं हळूहळू कमी होत जातं आणि वर वर अजून सुस्त होते? मग पेट्रोल कमी पडतंय नाहीतर बूस्ट गळतोय.
सुई वर-खाली, वर-खाली, बूस्टसोबत गाडी पण पुढं-मागं? मग बूस्ट कंट्रोल.
एकदम स्वच्छ कट, झटका नाही, आवाज नाही, आणि परत सुरू? मग बहुतेक वेळा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतः काहीतरी करतोय, आणि कशाला घाबरून करतोय ते शोधायचं.
तुम्ही लिहिलंय पाय उचलल्यासारखं. मला चौथा प्रकार वाटतोय. पण प्लगचा गॅप किती ठेवलाय ते सांगा, कारण नवीन प्लग म्हणजे बरोबर प्लग असं काही नसतं. बूस्ट वाढवला की सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं, तेवढ्या दाबात ठिणगी उडी मारायला कॉइलला जास्त व्होल्टेज लागतं, गॅप मोठा असला की ठिणगी विझते. कॉइल तापली की अजून कमजोर. दुपारीच होतंय हे त्यात पण बसतं, म्हणून विचारतोय.

चिंचोलीएमआयडीसी :
सरळ आहे हो. ई-२० पेट्रोल. रिमॅप जुना, पेट्रोल नवीन. २० टक्के इथेनॉल म्हणजे गाडी लीन पळतीय, हवेच्या मानानं पेट्रोल कमी. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं आपल्याच इंजिनात जातंय आणि आपणच रडतोय 😄 पुण्याला १०० ऑक्टेनवालं मिळतं, तेवढं एकदा टाकी भरून बघा.

मीटरवाली :
इथेनॉलवर सगळंच ढकलायची आता फॅशन झालीय, पण हिशोब करून बघा की. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनानं साधारण १४.७ पट हवा लागते, १० टक्के इथेनॉल असेल तर १४.१, २० टक्के असेल तर १३.५. म्हणजे ई-१० वर ट्यून केलेली गाडी ई-२० वर आणली तर साधारण ४ टक्के पेट्रोल जास्त टाकावं लागतं, आणि ते ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघून आपलं आपण टाकतो, त्यालाच फ्युएल ट्रिम म्हणतात. ४ टक्क्यांनी गाडी अर्धा सेकंद बंद पडल्यासारखी होत नाही. आणि इथेनॉल नॉकिंगच्या (पेट्रोल आपोआप पेटून इंजिनात ठोके बसण्याच्या) बाबतीत उलट बरं असतं, ऑक्टेन जास्त आणि बाष्प होताना हवा गार करतं.
फुल थ्रॉटलला मात्र ऑक्सिजन सेन्सरकडे बघून दुरुस्ती करणं बहुतेक गाड्यांत बंद असतं, ईसीयू साठवलेल्या लाँग टर्म ट्रिमवर आणि मॅपवर चालतो. म्हणून लाँग टर्म ट्रिम किती आहे ते बघून सांगा. +१५, +२० असेल तर पेट्रोलच्या बाजूला बघू. नसेल तर चिंचोलीवाल्यांची पुण्याची ट्रिप कॅन्सल.

गड्डायात्रा :
माझी डबल क्लच ऑटोमॅटिक आहे, रिमॅपनंतर असंच वाटायचं, इंजिन इंजिन करून लई पैसे घातले आणि निघाला क्लच. आरपीएम वर पळायचा आणि स्पीड तिथंच. तुमचं मॅन्युअल आहे पण क्लच स्लिप होऊ शकतो की.

स्पॅनरकाका :
बरोबर मुद्दा आहे पण क्लच स्लिपला आरपीएम उसळतो. यांचा आरपीएम काय करतो?

होटगीरोडकर :
आरपीएम उसळत नाही, तिथंच थबकतो. क्लच नाही मग.
प्लग काढून गॅप मोजला, फीलर गेजनं ०.८ निघाला. काकांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे ०.६५ केला. इंजिन जरा स्मूद वाटतंय पण दुपारचा प्रॉब्लेम जसाच्या तसा. प्लगची रंगत चारही एकसारखी, फिकट तपकिरी. कॉइलची आलटापालट पण केली, काही फरक नाही.
लाँग टर्म ट्रिम +६. मोबाइलवर ब्लूटूथ डोंगल लावून बघितलं.
काका अजून एक, बूस्ट गेजवर १.१ च्या पुढं सुई जात नाही. म्हणजे बूस्ट बरोबर आहे असं धरू का?

मीटरवाली :
+६ नॉर्मल आहे, ४ इथेनॉलचे आणि वरचं थोडं इकडचं तिकडचं. पेट्रोल कमी पडतंय असं यावरून वाटत नाही.
गेजवर विश्वास ठेवू नका. सुई थरथरू नये म्हणून त्या पाइपात बारीक छिद्र टाकतात आणि स्वस्तातला मीटर असेल तर अर्ध्या सेकंदाचा उडालेला बूस्ट सुई दाखवतच नाही. मी दिवसभर प्रेशर गेजच कॅलिब्रेट करते, माझ्या डोळ्यासमोर असले शंभर गेज खोटं बोललेत.

अक्कलकोटनाका :
बूस्ट लीक असणार. इंटरकूलरचा पाइप फाटलेला असतो, गरम झाला की उघडतो. लीक झालं की गाडी रिच होते, काळा धूर येतो आणि अडखळते. हमखास.

स्पॅनरकाका :
पाइप गरम झाल्यावर उघडतो हे मान्य, बघायलाच पाहिजे. पण रिच होते हे एअर मास मीटर असलेल्या गाड्यांचं. तिथं हवा आधी मोजली जाते, मोजलेली हवा वाटेत गळली की पेट्रोल जास्त पडतं. या इंजिनात मास मीटर नाही, इनटेक मॅनिफोल्डमधलं प्रेशर आणि तापमान बघून ईसीयू हवेचा अंदाज काढतो. गळती थ्रॉटलच्या आधी असली तर मॅनिफोल्डला जेवढं पोचलं तेवढंच मोजलं जातं, मिक्श्चर बिघडत नाही. फक्त टर्बोला जास्त फिरावं लागतं, बूस्ट उशिरा येतो आणि गाडी मऊ वाटते. यांची मऊ नाही, यांची एकदम कट होतीय.
तरी पण मालक, साबणाचं पाणी फुकट आहे. एअर फिल्टरच्या बाजूनं टर्बोच्या तोंडाला पीव्हीसीची टोपी, त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसरनं १ बारपर्यंत हळूहळू हवा, आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी. ऑइलचं झाकण काढून ठेवा नाहीतर सील वर येतील. डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (पाय सोडल्यावर जादा बूस्ट वळवून देणारा) पडदा फाटला असेल तर तो पण यात सापडतो.

होटगीरोडकर :
केलं. एका क्लॅम्पला बारीक बुडबुडे होते, आवळला. बाकी सगळं कोरडं. डायव्हर्टर ठीक. टेस्ट रात्री केली, गाडी गार होती, हे सांगून ठेवतो.
दुपारी परत तेच.

बाळेवाला :
विका हो. त्या पैशात डिझेल येईल, नांगराला जुंपता येईल 😂

होटगीरोडकर :
बाळेवाले, गाडी विकणार नाही, तुम्हाला दुपारी भेटायला मात्र येणार.

मीटरवाली :
आता लॉग करा. अंदाजाचं पुरे झालं.
मोबाइलच्या ॲपमध्ये वीस-पंचवीस गोष्टी निवडू नका, ब्लूटूथ डोंगल एकेक विचारत बसतं आणि प्रत्येकाचा आकडा दोन-दोन सेकंदांनी येतो, अर्ध्या सेकंदाची भानगड त्यातून निसटून जाते. फक्त चार घ्या : आरपीएम, मॅनिफोल्ड प्रेशर, थ्रॉटल पोझिशन, इग्निशन टायमिंग. बाकी सगळं बंद.
तुम्ही चालवा, मोबाइल शेजारच्याच्या हातात. थर्ड गिअर, २००० पासून पूर्ण पाय, ३६०० ला सोडून द्या. थर्डला ३६०० म्हणजे हायवेच्या स्पीडच्या आतच आहे, त्याच्या वर काही बघायचं नाहीये. एकदा सकाळी आणि एकदा दुपारी, त्याच रस्त्यावर, तेवढ्याच माणसांसह.
आणि एक गोष्ट. मॅनिफोल्ड प्रेशर अ‍ॅबसोल्यूट येतं, बूस्ट काढायला त्यातून बाहेरच्या हवेचं प्रेशर वजा करायचं. सगळे १०० वजा करतात. आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर आहे, इथं ते ९६ किलोपास्कलच्या आसपास असतं. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवा, जो आकडा दिसेल तोच वजा करा.

गड्डायात्रा :
रिकामा रस्ता बघून करा मालक, सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची असल्यासारखं नको.

होटगीरोडकर :
हे घ्या. चावी फिरवल्यावर ९६ दाखवलं, ताईंनी सांगितलं तेवढंच. दुपारी तीन वाजताचा लॉग, बाहेर ४२ डिग्री, पाय पूर्ण दाबलेला, मध्ये कुठंही सोडलेला नाही :

आरपीएम २४००, थ्रॉटल ८४, प्रेशर १८८
आरपीएम २७००, थ्रॉटल ८४, प्रेशर २१३
आरपीएम २८५०, थ्रॉटल ८४, प्रेशर २२८
आरपीएम २९५०, थ्रॉटल ४१, प्रेशर २२१
आरपीएम ३०००, थ्रॉटल ३७, प्रेशर १८४
आरपीएम ३२५०, थ्रॉटल ७९, प्रेशर १९२
आरपीएम ३६००, थ्रॉटल ८४, प्रेशर २०६

थ्रॉटल १०० का नाही दाखवत ते माहीत नाही, पाय पूर्ण दाबला की ८४ च येतं. टायमिंग सगळीकडे थोडंफार सारखंच आहे, कुठं एकदम पडलेलं नाही.

स्पॅनरकाका :
सापडलं की अर्धं! ८४ म्हणजे पूर्ण उघडंच, बऱ्याच गाड्यांत हा आकडा १०० ला जात नाही. आता २८५० आणि २९५० च्या ओळी बघा. पाय तुमचा खाली आहे आणि फडकी (थ्रॉटलची झडप) ८४ वरून ४१. ड्राइव्ह बाय वायर आहे, पेडलला केबल नाही, पेडल म्हणजे नुसती विनंती असते. विनंती मान्य करायची का नाही ते ईसीयू ठरवतो. कुणीतरी पाय उचलल्यासारखं वाटतंय ते शब्दशः खरं आहे, ईसीयूनं उचललाय.
प्लग, कॉइल, इंजेक्टर, पेट्रोल पंप सगळे निर्दोष सुटले. गॅरेजवाल्यांना सांगा.

मीटरवाली :
आणि त्याच्या आधीची ओळ सगळ्यात महत्त्वाची. २२८ वजा ९६ म्हणजे १३२, म्हणजे १.३२ बार. ट्यूनर म्हणतोय १.१. गेजची सुई १.१ वर बसलेली. टायमिंग पडलेलं नाही म्हणजे नॉकमुळे मागं घेतलेलं नाही.
आता थ्रॉटल बंद करायला दोन कारणं उरली. एक, बूस्ट खरोखर हाताबाहेर गेला म्हणून ईसीयूनं फडकी मिटली. दोन, रिमॅप करणाऱ्यानं बूस्ट वाढवला पण टॉर्कच्या मर्यादा कुठंतरी जुन्याच ठेवल्या, ईसीयू हिशोब करतो की एवढा टॉर्क मागितलाच नव्हता, आणि फडकी मिटतो. दोन्ही गाडीत बसल्यावर अगदी सारखंच वाटतं.
सकाळचा लॉग टाका, त्यावरून कळेल.

होटगीरोडकर :
सकाळी साडेसहाचा, तोच रस्ता. सगळ्यात जास्त प्रेशर २०९, थ्रॉटल ८४ वरून हललंच नाही, एकदा पण नाही.
दरम्यान ट्यूनरला फोन केला आणि लॉग पाठवला. तो म्हणतोय टॉर्क लिमिट आणि ओव्हरबूस्ट लिमिट दोन्ही फाइलमध्ये वाढवून देतो, लॅपटॉप लावला की अर्ध्या तासाचं काम, कट येणार नाही. करून घेऊ का?

स्पॅनरकाका :
अजिबात नाही!! कट येणार नाही हे खरं, पण १.३२ जातोय तो तसाच जाईल, उलट अजून वर जाईल, कारण अडवणारं कुणी राहणार नाही. ४२ डिग्रीच्या दुपारी, इंटरकूलर तापलेला, पिस्टन कंपनीचे. ती मर्यादा आहे म्हणून तुमचं इंजिन आज शाबूत आहे. आधी बूस्ट का उडतोय ते बघा, फाइल नंतर.

मीटरवाली :
काकांना पूर्ण अनुमोदन, आणि कारण पण देते.
टॉर्क लिमिटचा प्रॉब्लेम असता तर तो सकाळी जास्त यायला पाहिजे होता. सकाळची हवा गार, घट्ट, त्याच बूस्टला जास्त ऑक्सिजन, जास्त टॉर्क. आपला कट उलटा वागतोय, सकाळी नाही आणि दुपारी आहे. शिवाय सकाळी प्रेशर २०९ म्हणजे १.१३, ट्यूनरनं सांगितलेल्या १.१ ला धरून. म्हणजे फाइल जे मागतीय ते सकाळी मिळतंय. तीच फाइल दुपारी १.३२ देतीय. फाइल काय तापत नाही, तापतंय ते बॉनेटखालचं काहीतरी.
वेस्टगेटच्या बाजूला बघा आता.

अक्कलकोटनाका :
पण ताई गार हवेत ओव्हरबूस्ट जास्त होतो असं सगळीकडे वाचलंय, हिवाळ्यात होतो लोकांना.

मीटरवाली :
हो, होतो, वेस्टगेट लहान पडत असेल तर. म्हणून तर इथं संशय येतोय, नेहमीच्या उलट चाललंय म्हणजे गरम झाल्यावर काहीतरी आपली जागा सोडतंय.

स्पॅनरकाका :
नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. टर्बो एक्झॉस्टच्या गॅसवर फिरतो. जास्त फिरू नये म्हणून बाजूला एक झाकण असतं, वेस्टगेट. ते उघडलं की थोडा गॅस टर्बाइनला न लागता बाहेर. झाकण उघडतो तो अ‍ॅक्च्युएटर, आत पडदा आणि स्प्रिंग. या पडद्याला बूस्टचंच प्रेशर एका बारीक पाइपनं मिळतं. मध्ये सोलेनॉइड बसवलेला असतो, ईसीयू त्यातून थोडं प्रेशर सोडून देतो, पडद्याला कमी पोचतं, झाकण उशिरा उघडतं, बूस्ट वाढतो. रिमॅपमध्ये बूस्ट वाढवतात तो असाच.
आता विचार करा, त्या बारीक पाइपाला गळती लागली तर? पडद्याला वाटतं बूस्ट आलाच नाही. झाकण बंद. टर्बो पळत सुटतो. मोठ्या पाइपाची गळती बूस्ट घालवते, बारीक पाइपाची गळती बूस्ट वाढवते. साबणाच्या टेस्टमध्ये मोठे पाइपच बघितले ना तुम्ही?

होटगीरोडकर :
हो काका, मोठेच. बारीक पाइप बघायचं डोक्यातच आलं नाही, आणि तेव्हा गाडी पण गार होती. कसं तपासायचं?

स्पॅनरकाका :
हातपंप घ्या गेजवाला. आधी पाइप काढून थेट अ‍ॅक्च्युएटरला लावा, हळूहळू प्रेशर द्या, रॉड कितीला हलायला लागतो ते लिहा, आणि पंप थांबवल्यावर सुई टिकते का बघा. गार असताना एकदा, फिरवून आणून गरम असताना एकदा. हातमोजे घाला, एक्झॉस्टच्या शेजारी हात जातो. दोन्ही वेळा सारखं आलं तर अ‍ॅक्च्युएटर आणि झाकण ठीक, अडकत नाही. मग पाइप जोडून पाइपासकट तेच करा.

चिंचोलीएमआयडीसी :
सोलेनॉइड पण गरम झाल्यावर लटकतो, माझ्या ओळखीत एकाला झालंय. कॉइलचा रेझिस्टन्स गरम असताना मोजा.
(आणि इथेनॉलचं मी मागं घेतो, ४ टक्क्यांपुरतं सोडून.)

होटगीरोडकर :
सापडलं!!
अ‍ॅक्च्युएटर थेट पंपावर गार आणि गरम दोन्ही वेळा त्याच प्रेशरला हलला, सुई टिकली. सोलेनॉइडचा रेझिस्टन्स पण जवळपास तेवढाच. मग पाइपासकट केलं, गार असताना टिकली, आणि फिरवून आणल्यावर सुई टिकतच नाही, फुस्स.
झालेलं असं की रिमॅप करताना कंपनीचे बारीक रबरी पाइप काढून निळे सिलिकॉनचे पाइप टाकलेत, दिसायला भारी म्हणून असेल. भिंत पातळ, आतला व्यास नळीपेक्षा जरा मोठा, आणि एका पण टोकाला क्लिप नाही. टर्बोच्या हीट शील्डपासून दोन बोटांवरून गेलाय. गार असताना नळीवर घट्ट बसतो, गरम झाला की मऊ पडून सैल होतो आणि प्रेशर आलं की फुगून कडेनं हवा सोडतो. सोलेनॉइडच्या बाजूचं टोक तर अर्धं बाहेर आलेलं होतं. बॉनेट उघडून वरून बघितलं तर काही कळत नाही, बोटानं हलवलं तेव्हा कळलं.

स्पॅनरकाका :
👏 हे रंगीत पाइप म्हणजे ना. आता सिलिकॉन परत टाकू नका. साध्या सिलिकॉनला ऑइलची वाफ आणि पेट्रोल मानवत नाही, बूस्टच्या हवेत थोडं ऑइल असतंच, फुगून मऊ पडतो. जुन्या पूना नाक्याकडे स्पेअरवाल्यांकडे कापडी अस्तराचा फ्युएल ग्रेड रबरी पाइप मिळतो, तो घ्या, नळीवर जोर लावून चढला पाहिजे. दोन्ही टोकांना स्प्रिंग क्लिप. आणि रस्ता बदला, हीट शील्डपासून लांबून घ्या.

होटगीरोडकर :
टाकला. पाइप आणि क्लिपा मिळून एका साध्या जेवणाच्या बिलाएवढे झाले. दुपारचा लॉग, बाहेर ४३ : सगळ्यात जास्त २११, म्हणजे १.१५ बार, थ्रॉटल ८४ वरून हललं नाही. चौघांना घेऊन तुळजापूर घाट पण चढवला, स्वच्छ ओढते. उलट आधीपेक्षा जरा कमी जोरात वाटते, आधी तो १.३ चा धक्का बसायचा तो आता नाही.

गड्डायात्रा :
अभिनंदन मालक! देवीला नारळ फोडला का नाही मग?

होटगीरोडकर :
फोडला की.

अक्कलकोटनाका :
मग आता ट्यूनरकडून लिमिट वाढवून घ्यायची गरज नाहीच ना?

मीटरवाली :
नाही. फाइल बदलायचीच असेल तर उलट्या दिशेनं बदला. रिमॅप केला तेव्हा पंपावर १० टक्केच्या आसपास इथेनॉल होतं, आता २० आहे, आणि फुल थ्रॉटलचं मिक्श्चर वाइडबँड सेन्सर (मिक्श्चर नेमकं मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) लावून बघितल्याशिवाय कळत नाही, ट्रिमवरून नुसता अंदाज येतो. ट्यूनरला सांगा एकदा वाइडबँड लावून वरच्या आरपीएमचं पेट्रोल तपास, आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान वाढलं की बूस्ट थोडा कमी करायचा टेबल त्यात आहे का बघ. बाहेर ४३ असेल तर ट्रॅफिकमधून निघाल्यावर इंटरकूलरच्या पुढं आत जाणारी हवा सहज ६० च्या वर असते. सात रस्त्याला सिग्नलला थांबून लगेच पूर्ण पाय दाबू नका एवढं पाळलं तरी पुष्कळ.

बाळेवाला :
मला एक सांगा, माझ्या डिझेलला पण असलेच बारीक पाइप आहेत का? चढावर कधी कधी दम टाकते ती.

स्पॅनरकाका :
आहेत की. तुमच्या गाडीत बहुतेक व्हॅक्यूमवर चालणारे असतील, वेगळी पद्धत आहे, तिथं पाइप गळला की बूस्ट कमी होतो. वेगळा धागा काढा, इथं नको.
होटगीरोडकर, एक राहिलं. जुना पाइप फेकला का? बऱ्याच गाड्यांत टर्बोकडून सोलेनॉइडकडे येणाऱ्या पाइपात एक बारीक छिद्राचा पितळी जेट असतो, पाइप बदलताना तो जुन्यातच राहून जातो आणि मग बूस्ट वेगळाच यायला लागतो. निळ्या पाइपात बघा आहे का.

होटगीरोडकर :
आत्ता खाली जाऊन बघून आलो. जुन्या कंपनीच्या पाइपात होता असं ट्यूनर म्हणतोय, त्यानं तो निळ्यात टाकला होता, आणि मी पाइप बदलताना आमच्या मेकॅनिकनं तो काढून नवीन पाइपात बसवलाय, त्याच्या आधीच लक्षात आलं होतं. म्हणूनच २११ वर थांबतंय बहुतेक.

स्पॅनरकाका :
मेकॅनिक चांगला आहे, सोडू नका त्याला. प्लग मात्र ०.६५ वरच ठेवा.